बगिच्यातली पाच बिऱ्हाडं

मोर्शी तालुक्यातल्या त्या गावात माझी नेमणूक झाली तेव्हा मी तिशीची होते आणि मला तिथे राहायचं नव्हतं. माहेर आणि सासर दोन्ही अकोल्याचं, नवऱ्याची नोकरी अकोल्यात, लहान मुलगीही तिथेच. मोर्शीत एक खोली भाड्याने घेतली होती, तिथून रोज स्कूटीने शाळेत यायचे आणि शनिवारी दुपारी एसटीने अकोल्याला पळायचे. शाळा चौथीपर्यंतची. दोन खोल्या, दोन शिक्षक, मी आणि मुख्याध्यापक सर. पट इतका घसरलेला की दर उन्हाळ्यात शाळा बंद होणार अशी बोलणी उठायची. खरं सांगायचं तर त्या बोलण्याने मला आत कुठेतरी बरं वाटायचं. शाळा बंद झाली तर बदली आपोआप होईल, असा माझा हिशेब होता.

दुसऱ्या वर्षी जानेवारीच्या शेवटी तालुक्याहून हुकूम आला. घरोघरी जाऊन कुटुंबांची माहिती भरायची. घरात माणसं किती, वयं काय, कोण शिकतं, कोण काय करतं, उत्पन्न कशातून येतं. गाव लहान होतं. दोन दिवसांत उरकून टाकते, असं मी सरांना सांगितलं. सोबतीला गावच्या अंगणवाडीताई दिल्या होत्या.

ताई तेव्हा पन्नाशीला आलेल्या. ठेंगण्या, सावळ्या, चालायला इतक्या वेगवान की मला मागून जवळजवळ धावावं लागायचं. दहावी होऊन एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन त्या या गावात आल्या आणि चार-पाच वर्षांनी अंगणवाडी सांभाळायला लागल्या. गावातल्या पंचविशीच्या आतल्या जवळजवळ प्रत्येकाचं वजन ताईंनी कधी ना कधी काट्यावर घेतलेलं होतं. शाळेची आणि अंगणवाडीची भिंत एकच होती, पण नळ आणि खिचडी यांपलीकडे आमचं बोलणं कधी गेलं नव्हतं. मला त्या जरा फटकळ वाटायच्या. अकोल्यात वाढूनही माझी भाषा नोकरीने धुऊन निघाली होती. ताई मात्र तालुक्याच्या साहेबांशीसुद्धा घरच्याच बोलीत बोलायच्या.

पहिल्या दिवशी मी दारात उभी राहून, छापील कागदावरचे प्रश्न वरून खाली वाचत गेले. माणसांची नावं, वयं पटापट मिळाली. उत्पन्नावर आलं की गाडी अडायची. "काय उत्पन्न मॅडम, काईच नाई." दुसऱ्या घरी तेच, पाचव्या घरी तेच. एका घरी अंगणात नवी मोटरसायकल उभी होती आणि तिच्यावरच हात ठेवून घरमालक मला सांगत होता की काहीच उरत नाही. दहाव्या घरापर्यंत मी वैतागले. ओट्यावर बसले आणि ताईंना म्हटलं, "सगळे खोटं सांगतायत. मी तरी काय लिहू?"

ताई माझ्या शेजारी बसल्या.

"मॅडम, राग नका येऊ देऊ. तुमचा पगार किती, असं मी कदी तुमाले विचारलं काय?"

"नाही."

"मंग तुमी दारात उभं राहून लोकायले काहून विचारून राहिल्या? औंदा कसं झालं, असं विचारा. अन् मंग बसा. चहा आला तं घ्या."

मी मनात म्हटलं, असं केलं तर महिना लागेल. पण पुढच्या घरी ताई आधी आत शिरल्या, सतरंजीवर बसल्या आणि विचारलं, "औंदा कसं झालं मंग?" अर्ध्या तासात त्या घराचं सगळं वर्ष आमच्यापुढे आलं. कपाशीला बोंडअळी लागली, म्हणून अर्ध्या वावरात हरभरा घेतला. विहीर आटली. बोअर खोल नेली तरी धार नाही, म्हणून संत्र्याची जुनी झाडं तोडावी लागली. सांगताना त्या माणसाचा आवाज खाली आला. ती झाडं त्याच्या वडिलांनी लावलेली होती. रकान्यात काय लिहायचं ते मला न विचारताच कळत गेलं.

त्या घरापासून मी प्रश्न वाचणं सोडलं आणि बसायला लागले. दोन दिवसांचं काम नऊ दिवस चाललं.

गाव कशावर जगतं हे मला त्या नऊ दिवसांत समजलं. त्याआधी दीड वर्ष मी रोज त्याच रस्त्याने येत-जात होते. विचारलं की सगळे म्हणायचे, शेती. पण एका भावाच्या वाट्याला आलेली शेती आता इतकी थोडी होती की तिच्यावर एकटं कुणाचंच घर चालत नव्हतं. रंग दिलेलं घर दिसलं की त्यामागे पुण्याची कुठलीतरी कंपनी असायची. तिथे मुलगा शिफ्टमध्ये राबायचा आणि इथे ओट्याला फरशी लागायची. जिथे पुणे नव्हतं तिथे बाईचे हात होते.

तशा एका घरी नवरा खाटेवर बसून सांगत होता, "शेती लिहा. दुसरं काय आहे?" बायको समोर सुपात डाळ निवडत बसलेली. आमचा भाग संत्र्याच्या कलमांचा. जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, रोपाला काप द्यायचा, त्यात चांगल्या संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंब, बसवायचा आणि पट्टीने बांधायचा. हे काम नर्सरीत बायका करतात आणि ही बाई त्यात तरबेज होती. हिवाळाभर पहाटे स्वयंपाक उरकून ती नर्सरीच्या गाडीने जायची. तिच्या डाव्या अंगठ्यावर चाकूच्या बारीक रेघा होत्या.

ताईंनी नवऱ्याला विचारलं, "शेती लिहिली भाऊजी. वहिनीचं काय लिहू?"

"तिचं काय? ते जाते कदी कदी."

"हिवाळाभर जाते. मी रोज पाहून राहिली."

त्याने खाटेची सुटलेली दोरी ओढून घट्ट केली. मग आमच्याकडे न पाहता म्हणाला, "लिहा. घर तं तिच्यावरच चालते." बाईने मान वर केली नाही, पण निवडणं थांबलं. मी दोघांच्या नावांपुढे वेगवेगळं लिहिलं. बाहेर पडल्यावर ताई म्हणाल्या, "वीस वर्सं झाली लग्नाले. आज पयल्यांदा बोलला." आणि पुढच्या घराकडे निघाल्या.

पुढे एका घरी तीन भाऊ होते. धाकटा तिशीचा, थोरला चाळिशीकडे झुकलेला. तिघेही बिनलग्नाचे. जमीन होती, बैलजोडी होती, घर स्वच्छ होतं. पण खेड्यात शेती करणाऱ्याला मुलगी द्यायला आता कुणी तयार नव्हतं. आम्ही गेलो तेव्हा थोरला ज्वारीची भाकर थापत होता. पिठाचे हात तसेच ठेवून त्याने आम्हाला बसायला सांगितलं. चहा धाकट्याने केला. ताईंनी लग्नाचा विषयही काढला नाही. भाकरीकडे पाहून "पापुद्रा चांगला सुटला" एवढंच म्हणाल्या आणि त्याचा चेहरा खुलला. वाटेत मी त्यांना विचारलं, गावात मुलं इतकी कमी का झाली. त्या म्हणाल्या, "पयले एका वर्सात जेवढे पोट्टे माह्या काट्यावर यायचे, तेवढे आता चार वर्सांत येत नाईत. पोरी लग्न होऊन पुन्या-नागपूरले गेल्या. पोरायचं असं. मंग लेकरं कुठून येतीन?" त्या हे सांगत होत्या ते तक्रारीच्या सुरात नव्हे. पाऊस किती झाला हे सांगावं, तसं.

पाचव्या दिवशी आम्ही एका म्हाताऱ्या जोडप्याकडे गेलो. गावातलं सर्वांत नवं घर त्यांचं. समोर ग्रील, आत टाइल्स, पोर्चमध्ये छताला कॅमेरा. आजोबा कौतुकाने दाखवत म्हणाले, "पोरगा पुन्याहून मोबाईलमंधी पाहते आमाले." आजी म्हणाल्या की चार वाजता त्याची सुट्टी होते, तेव्हा त्या पोर्चमध्ये येऊन बसतात, म्हणजे त्याला दिसतं.

मी नावं लिहून घेत होते. आजोबांनी स्वतःचं सांगितलं, आजींचं सांगितलं आणि मग मुलाचं, सुनेचं, नातवाचं सांगायला लागले. मी थांबले. सूचनेत स्पष्ट होतं, वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस जो इथे राहतो तोच इथला. मी तसं सांगितलं. आजोबा उठले, आतून रेशनकार्ड घेऊन आले आणि माझ्यापुढे धरलं.

"हे पाहा. नाव आहे त्याचं. घर त्याचं आहे. त्याचं नाव नाई म्हंजे काय?"

मी पुन्हा नियम सांगितला. त्यांचा आवाज चढला. मग ताई बोलल्या. गावची सून म्हणून त्या वडीलधाऱ्या पुरुषांना मामाजी म्हणायच्या.

"मामाजी, हा कागद घराचा नाई. रोज इथं कोन जेवते, त्याचा आहे. आत्याबाई, आज सकायी पोया किती केल्या?"

आजींनी नवऱ्याकडे पाहिलं. "चार," त्या म्हणाल्या.

आजोबा खाली बसले. त्यांनी रेशनकार्ड मिटलं. मला वाटलं, ताई जरा कठोरच वागल्या. पण त्यांनी माझ्या कागदावर बोट ठेवलं. शेवटी शेऱ्याचा एक रुंद रकाना होता, मी तो सगळीकडे कोराच ठेवला होता. "मॅडम, इथं लिहिता येते ना? लिहा, मुलगा पुन्याले असतो, दिवाळीले येतो, हे घर त्यानं बांधलं." मी लिहिलं. आजोबांनी वाचून दाखवायला सांगितलं. वाचलं. आणखी एकदा वाचायला सांगितलं. मग त्यांनी चष्मा लावून सावकाश, पूर्ण नावाने सही केली.

त्याच संध्याकाळी उन्हं कलताना आम्ही ताईंच्या घरी पोचलो. दोन खोल्या, मागे परसात कढीपत्ता आणि शेवगा. ताईंची सासू अंथरुणाला खिळलेली, नवरा दुसऱ्यांच्या बगिच्यात फवारणीला जाणारा. मी सासूबाईंचं नाव लिहिलं, नवऱ्याचं लिहिलं, ताईंचं लिहिलं. व्यवसायाच्या रकान्यात "नोकरी" लिहायला लागले तर ताईंनी अडवलं. "नोकरी नाई, मानसेवी. आमाले पगार नाई, मानधन भेटते." सरकारी कागदावर चूक राहू नये, इतक्याच काळजीने त्यांनी ते सांगितलं.

त्यांना एकच मुलगी होती. पुण्याच्या दवाखान्यात नर्स. तिचा फोटो भिंतीवर होता, पांढऱ्या कोटातला. दुपारचं आजोबांचं घर माझ्या डोक्यात होतं, म्हणून मी आपणहून म्हटलं, "ताई, शेऱ्यात लिहू का मुलीचं?"

"नको," त्या म्हणाल्या. "ते तिकडची झाली आता. तिचं तिथं चांगलं चालू आहे."

"लिहायला काय हरकत आहे? तिथे लिहिलंच की आपण."

"मामाजीले गरज होती मॅडम. मले ठाऊक आहे ते कुठं आहे ते."

आणि चहा ठेवायला आत गेल्या. चहाला नेहमीपेक्षा उशीर लागला. बाहेर आल्या तेव्हा चेहरा धुतलेला होता. मी कागद बंद केला. इतके दिवस ज्या बाईला मी फटकळ समजत होते, तिच्यापुढे मला त्या वेळी फार लहान वाटलं.

आठव्या दिवशी ग्रामपंचायतीच्या यादीतली सगळी घरं संपली. मी गठ्ठा बांधला. ताई म्हणाल्या, "बगिच्यातले रायले."

"यादीत नाहीत ते."

"यादीत नाईत म्हनूनच तं."

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणवाडी सुटल्यावर ताई माझ्या स्कूटीवर मागे बसल्या आणि आम्ही गाडरस्त्याने निघालो. मध्ये एक नाला, पलीकडे संत्र्याचे बगिचे. तोडणी चालू होती. झाडाखाली प्लास्टिकच्या क्रेटच्या रांगा आणि हवेत सालीचा वास. एका मोठ्या बगिच्याच्या टोकाला, पंपघराच्या मागे, पाच बिऱ्हाडं होती. तुराट्यांच्या कुडाला शेणमातीचा गिलावा, वर टिनं. माणसं कोरकू, मेळघाटात धारणीच्या बाजूची. आधी नुसत्या तोडणीपुरती यायची. मग एकेकाला मालकाने वर्षभरासाठी सालदार म्हणून ठेवून घेतलं. पाणी देणं, आळी करणं, फवारणी, राखण, सगळं हीच माणसं करत होती. गावातली तरुण पोरं पुण्याला गेली होती आणि त्यांची कामं या पाच घरांकडे आली होती.

आम्ही थांबलो तशी लहान मुलं ताईंकडे धावली. मला नवल वाटलं. एकीने ताईंच्या पिशवीत हातच घातला. तेव्हा कळलं की ताई दर मंगळवारी, आपलं काम संपवून, दीड कोस चालत इथे येतात. मुलांची वजनं करतात, दंडाचा घेर मोजतात. तसा कुठलाच हुकूम नव्हता. त्यांनी स्वतःच्या एका साध्या वहीत या मुलांची पानं वेगळी ठेवली होती. पाण्याला कोरकूत 'डा' म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं, कारण एका पोराने ते मागितलं आणि ताईंनी न बोलता तांब्या पुढे केला.

पहिल्या बिऱ्हाडातली बाई तीन वर्षांपासून इथे होती. तिची थोरली मुलगी नऊ वर्षांची. डोंगरातल्या शाळेत पहिलीपर्यंत गेली होती, नंतर नाही. धाकटी इथेच झालेली. मी नावं विचारायला लागले तशी बाई ताईंना म्हणाली, "लिवून काय होते?"

मी काहीतरी सरकारी उत्तर देणार होते. ताई आधी बोलल्या.

"लगेच काईच होत नाई. खोटं कायले सांगू? पन उद्या कोनी म्हनलं का तुमी इथं नोतेच, तं कागद राहीन."

बाईने विचार केला आणि नावं सांगितली. मुलींची आधी, स्वतःचं नंतर.

तिसऱ्या बिऱ्हाडात असताना बगिच्याचे मालक मोटरसायकलवर आले. मालक वाईट माणूस नव्हते. या घरांना त्यांनी विजेचा दिवा दिला होता, आजारपणात गाडी दिली होती. पण कागद पाहून ते अस्वस्थ झाले.

"मॅडम, हे इथचे नाईत. धारणीचे आहेत. तिकडं नाव आहे यांचं."

"तिकडे राहत नाहीत ना पण," मी म्हटलं.

"आज लिहिलं, उद्या जागेवर हक्क सांगतीन. तुमी बदली होऊन जासान, निस्तरा लागते आमाले."

ताईंनी पदर सारखा केला. "भाऊजी, मी जागा लिहून नाई राहिली. मानसं लिहून राहिली."

"तुमाले समजत नाई वहिनी."

"नसंन समजत. पन मले एक सांगा. हे इथचे नाईत, तं वर्सभर तुमच्या झाडायले पानी कोनं देलं?"

मालकांनी किक मारली. गाडी वळवून गेले. ताईंचा आवाज एवढासाही वर गेला नव्हता. आम्ही उरलेली दोन बिऱ्हाडं लिहिली आणि परतलो.

दुसऱ्या दिवशी शाळेत मला पंचायतीतून फोन आला. बोलणारा गृहस्थ गोड बोलला. म्हणाला, त्या पाच कागदांची गरज नाही, यादीप्रमाणे द्या, कशाला वाद. मुख्याध्यापक सरांचंही तेच मत पडलं. आणि माझा बदलीचा अर्ज तालुक्यातच पडलेला होता. मधल्या सुट्टीत मी अंगणवाडीत गेले. ताई मुलांच्या ताटल्या धूत होत्या. मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या भांडतील, मला समजावतील. त्या म्हणाल्या, "सही तुमची आहे मॅडम. तुमीच ठरवा. तुमी काढले तरी मी तुमाले काई म्हननार नाई."

त्या तसं म्हणाल्या नसत्या, तर कदाचित मी ते कागद काढले असते. संध्याकाळी खोलीवर ते पाच कागद मी पुन्हा वाचले. थोरल्या मुलीच्या शिक्षणाच्या रकान्यात माझ्याच अक्षरात "शाळाबाह्य" लिहिलेलं होतं. मी शिक्षिका होते. रोज जिथून जात होते तिथून दीड कोसावर ती मुलगी तीन वर्षं होती आणि मला माहीत नव्हती. सकाळी मी गठ्ठा घेऊन मोर्शीला गेले. रात्रभर उत्तरं जुळवून ठेवली होती. तिथल्या साहेबांनी पाच कागद उलटसुलट पाहिले. "हे राहतात तिथे?" विचारलं. "राहतात," मी म्हटलं. त्यांनी शिक्का मारला आणि पुढचा गठ्ठा ओढला. बस, एवढंच झालं.

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी ताई बगिच्यातल्या सात मुलांना घेऊन आल्या. त्यांना मराठी थोडं कळायचं, बोलता कमी यायचं. पहिले पंधरा दिवस ती भिंतीला टेकून, एकमेकांना चिकटून बसायची. थोरली मुलगी धाकटीला मांडीवर घेऊन दुसरीत बसली. वर्गातल्या मुलांपेक्षा ती डोकं-दीड डोकं उंच होती. तिला अक्षरं अवघड जायची. पण क्रेट मोजून मोजून आकडे पक्के झालेले, बेरजेत तिच्यापुढे कुणी टिकायचं नाही. मी तिला फळ्यावर उभं करायला लागले आणि बाकीची मुलं तिला विचारून गणितं सोडवायला लागली. त्या वर्षी शाळा बंद करायची बोलणी उठली नाहीत.

सगळंच गोड झालं असं नाही. गावातल्या दोन घरांनी आपली मुलं मोर्शीच्या इंग्रजी शाळेत घातली आणि कारण सांगितलं नाही, पण ते सगळ्यांना ठाऊक होतं. पुढच्या वर्षी शेजारच्या बगिच्याची विहीर आटली, मालकाने झाडं काढून सोयाबीन पेरलं आणि तिथे आमच्या नोंदीनंतर राहायला आलेल्या सालदाराचं बिऱ्हाड एका दिवसात उठलं. त्याची दोन मुलं शाळेत आली नाहीत तेव्हा मला कळलं. ताई त्यांच्या मागे एसटीने धारणीपर्यंत गेल्या. तिथल्या अंगणवाडीत त्या मुलांचं नाव घालून, वजनाची पानं तिथल्या बाईच्या हातात देऊन परत आल्या. दोन दिवसांची रजा टाकली होती.

मालकांचं म्हणाल तर पावसाळ्यात नाला भरला तेव्हा मुलांना आणायला ट्रॅक्टर त्यांनीच पाठवला. मी आभार मानले तर म्हणाले, "त्यायच्या आया कामावर येत नोत्या, पोट्टे घरी रायले का." ताईंनी त्यांच्या या बोलण्याला मान डोलावली आणि मला नंतर सांगितलं, "त्यायले तसंच म्हनू द्या."

माझी बदली दोन वर्षांनी झाली. ऑर्डर हातात आली तेव्हा जितका आनंद व्हायला हवा होता तितका झाला नाही, पण मी गेले. घर अकोल्यात होतं, मुलगी मोठी होत होती. तिथून निघताना ताईंनी मला संत्र्याचं एक कलम दिलं. अकोल्याच्या उन्हाने ते पहिल्याच मे महिन्यात वाळलं. हे मी त्यांना बरेच दिवस सांगितलं नाही.

मागच्या हिवाळ्यात एका कामाने मोर्शीला गेले, तेव्हा त्या गावाला जाऊन आले. शाळा चालू आहे. अजूनही दोनच शिक्षक आहेत. बगिच्यातली थोरली मुलगी चिखलदऱ्याला वसतिगृहात राहून अकरावी करते आहे. तिला बँकेत जायचं आहे, असं तिच्या आईने मला सांगितलं. तिच्या घराला आता विटांच्या भिंती आहेत आणि घर मालकांच्या जागेवर नसून गावठाणात आहे.

ताई निवृत्त झाल्या आहेत. मी गेले तर घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, नर्सरीत आहेत. तिथे सावलीच्या जाळीखाली बायकांच्या रांगेत ताई बसलेल्या. हातात बारीक चाकू, समोर जंबेरीची रोपं. वयाच्या साठीला त्या डोळा बांधायला शिकल्या होत्या. मला पाहून त्यांनी बसल्या जागीच सरकून जागा केली.

"मुलीकडे का नाही जात?" मी विचारलं. "बोलवत असेल ना."

"गेली होती महिनाभर. मस्त ठेवलं पोरीनं. पन तिथं शेजारी कोन रायते ते तिलेच मालूम नाई. मी विचाराले गेली तं शेजारीन दारच पूर्न उघडेना." त्या हसल्या. "मंग मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशी उघडलं. चांगली बाई आहे. सोलापूरकडची. सासू आजारी आहे तिची."

बोलता बोलता त्यांनी एका रोपाला काप दिला, डोळा बसवला आणि पट्टी गुंडाळली. मला म्हणाल्या, हात चालवून पाहायचा असेल तर पाहा. मी चाकू घेतला. माझा पहिला काप फार खोल गेला. ताईंनी ते रोप बाजूला ठेवलं आणि दुसरं माझ्यापुढे सरकवलं.